नेट स्लो आहे, पण नेमके कुठे?

‘नेट स्लो आहे’ हे वाक्य आता घराघरांत ‘लाइट गेली’ इतकेच सरावाचे झाले आहे. फरक एवढाच की लाइट गेली तर आपण खिडकीतून शेजारच्या घराकडे पाहून खात्री करतो. नेटच्या बाबतीत मात्र तपासणी न करताच निकाल लागतो. कधी मुलांच्या गेमवर खापर फुटते, कधी सूनबाईच्या मोबाइलवर. शेवटी अब्बा वैतागून आणखी महागडा प्लॅन घेतात आणि नेट होते तसेच राहते.

आम्हा शिक्षकांना हा विषय महत्त्वाचा वाटतो तो फॉर्ममुळे. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीचे अर्जही पोर्टलवरच भरायचे. शेवटच्या दिवशी रात्री पालकांचे फोन सुरू होतात की दाखला अपलोडच होत नाही. अशा वेळी दोष घरच्या नेटचा आहे की गर्दीने गुदमरलेल्या पोर्टलचा, हे दोन मिनिटांत ओळखता येते. दुसऱ्या दोन-तीन वेबसाइट उघडून पाहा. त्या चटकन उघडल्या तर तुमचे नेट ठीक आहे. राउटर बंद-चालू करत बसण्यापेक्षा पहाटे फजरनंतर पुन्हा प्रयत्न करा, मात्र मुदत रात्री बाराला संपत नाही ना ते आधी पाहा.

आता मोजमापाकडे येऊ. प्लॅनवर ‘४० एमबीपीएस’ लिहिलेले असते. हे मेगाबिट असतात, आणि मोबाइलमधली फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे ४०च्या प्लॅनवर सेकंदाला फार तर ५ एमबी उतरणार. ७०० एमबीच्या फाइलला सव्वादोन-अडीच मिनिटे लागली तर कंपनी फसवत नाही, हिशेब बरोबर आहे. सरकारी व्याख्येनुसार ‘ब्रॉडबँड’ म्हणवण्यासाठी किमान वेग पूर्वी सेकंदाला ५१२ किलोबिट होता. जानेवारी २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस केला गेला. एका साध्या व्हिडिओ कॉलचे त्यात कसेबसे भागते, पण माणसे पाच आणि मोबाइल सहा असलेल्या घराचे भागत नाही.

वेग तपासायला ऊकला कंपनीचे ‘स्पीडटेस्ट’ किंवा नेटफ्लिक्सचे ‘फास्ट डॉट कॉम’ पुरे. दोन्ही फुकट आहेत. पण चाचणी करण्याची पद्धत हवी. घरातले बाकी मोबाइल आणि टीव्ही थोडा वेळ नेटपासून तोडा. ज्या मोबाइलवर तपासणार त्यातला मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर वाय-फायची समजून सिम कार्डाची परीक्षा होते. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा. पहिली चाचणी राउटरपासून चार-पाच फुटांवर उभे राहून करा. लॅपटॉप असेल तर तो वायरने राउटरला जोडून केलेली चाचणी सगळ्यांत खरी. मग तीच चाचणी नेट रडते त्या खोलीत करा. सकाळी एकदा, रात्री नऊ-दहाला एकदा, असे दोन-तीन दिवस आकडे वहीत लिहा.

वही बोलू लागते. राउटरजवळ आकडा पूर्ण आणि आतल्या खोलीत अगदी कमी असेल तर दोष वाय-फायचा, कंपनीचा नाही. राउटरजवळही सकाळी चांगला आणि फक्त रात्री पडत असेल तर त्या वेळी परिसरातल्या सगळ्यांचा भार एकाच लाइनवर येतो आहे आणि कंपनीची क्षमता अपुरी पडते आहे. रमजानात तरावीहनंतर आणि चांदरातीला हे हमखास दिसते. दिवसभर कुठेच वेग मिळत नसेल तर आधी प्लॅनची डेटा मर्यादा संपली का ते पाहा. ती संपली की वेग आपोआप उतरवला जातो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जुन्या राउटरचा वायर जोडायचा खण १०० एमबीपीएसचा असेल तर २००चा प्लॅन घेऊनही आकडा ९५च्या आसपास अडतो. पैसे दुप्पट, वेग तोच.

आम्ही पाहिलेल्या घरांपैकी बहुतेकांत दोष वाय-फायचा, आणि त्यातही राउटरच्या जागेचा निघाला. नेटवाला येतो, दाराजवळ जिथे वायर पोहोचते तिथे खिळा ठोकतो, राउटर टांगतो आणि जातो. बैठकीत टीव्हीला झकास नेट. अभ्यास करणारी मुलगी मात्र मागच्या खोलीत, मधे दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि स्वयंपाकघर. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींपलीकडे तर सिग्नल फारच क्षीण होतो. राउटर कुठे लावला आहे यावरून त्या घरात नेट कोणासाठी घेतले आहे हे कळते, असे आम्हाला अनेकदा वाटते. थोडी जास्त वायर मागून तो घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी लावून घ्यावा. कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा माशांच्या टाकीजवळ नको, कारण लोखंड सिग्नल अडवते आणि पाणी शोषून घेते.

आजकालचे बरेच राउटर दोन नावांनी सिग्नल देतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५चा वेग जास्त पण पल्ला कमी, २.४ दूर जातो पण हळू. त्याच खोलीत असाल तर ५ घ्या, लांब असाल तर २.४. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४च्याच पट्ट्यात चालतो, म्हणून बिर्याणी गरम करताना कॉल अडखळू शकतो. दाट वस्तीच्या इमारतींत वीस-वीस राउटर एकमेकांवर ओरडत असतात. २.४च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच धरतात: १, ६ आणि ११. त्यातला कमी गर्दीचा निवडून द्यायला नेटवाल्याला सांगा. पासवर्डही बदलून घ्या. अर्ध्या मजल्याला तो पाठ असतो.

आखाती देशांतल्या नातेवाइकांविषयी एक वेगळी गोष्ट. दुबईहून मामूंचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही म्हणून इकडे राउटर बदलणारे लोक आहेत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलवर निर्बंध आहेत, म्हणून तिथले लोक बोटिमसारखे परवानाधारक अ‍ॅप वापरतात. मेसेज आणि फोटो जातात, कॉल जात नाही, असे असेल तर इकडे काही करू नका. कॉल लागतो पण आवाज तुटतो, तेव्हा चाचणीतला ‘पिंग’ आणि अपलोडचा आकडा पाहा. डाउनलोड भरपूर असूनही अपलोड अगदीच कमी असेल तर तुम्हाला मामू दिसतील, पण मामूंना तुम्ही दिसणार नाही.

फायबरच्या डबीवर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल झाला तर घरात काही उपाय नाही, लाइन तुटली आहे किंवा केबल दुमडली आहे. तक्रार करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. केबलवाल्याला तोंडी सांगितलेले हवेत जाते. बिलावर ज्या कंपनीचे नाव आहे तिच्या तक्रार केंद्रात नोंद हवी, सोबत वहीतले तारीख-वेळेसह आकडे आणि चाचणीचे स्क्रीनशॉट. तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत जाता येते, त्यासाठी शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे पत्र लिहिण्यात वेळ घालवू नये. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.