सामोपचाराची फारकत

बी-बियाणे आणि खतांविषयी लिहिणाऱ्याने नवरा-बायकोच्या भांडणात का शिरावे, असे कुणी विचारील. पण कांद्याची पट्टी वकिलाच्या फीत आणि एस.टी.च्या भाड्यात जिरते, तेव्हा ते शेतीखात्याच्या माणसालाही दिसतेच.

वैजापूरकरांच्या सोयरिकी येवला, कोपरगाव, कन्नडपर्यंत. नवरा वैजापूरला फारकतीचा दावा लावतो, बायको माहेरी येवल्याला पोटगी मागते. जिल्हे दोन, म्हणून दावा दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचा तर अर्ज थेट उच्च न्यायालयात. तारीख नेमकी कापूस वेचणीत नाहीतर कांदा लागवडीत येते. एका तारखेला दोन्हींकडची चार-चार माणसे रोज बुडवून कोर्टात बसतात.

हे दुखणे जुने आहे. रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. चार वर्षे कोर्ट झाले आणि १८८८ मध्ये प्रकरण मिटले ते दोन हजार रुपयांच्या तडजोडीवरच. रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या.

आज वाट सोपी आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून परस्पर संमतीची फारकत आहे. दोघे किमान वर्षभर वेगळे राहत असले, तर दोघांच्या सहीचा एकच अर्ज चालतो. कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, म्हणून साक्षीदारांची रांगही नको. सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टापुढे यायचे. तडजोड पक्की असेल तर हे सहा महिने न्यायाधीश माफ करू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. निकालापर्यंत कुणालाही संमती मागे घेता येते. म्हणून ठरलेली रक्कम निम्मी पहिल्या अर्जाच्या वेळी आणि निम्मी निकालाच्या दिवशी द्यावी.

खरी मेहनत अर्जाआधीच्या बैठकीत आहे. मुले कुणाकडे, भेट केव्हा, लग्नातले दागिने-भांडी कुणाची, हे सगळे कागदावर यावे. दागिने तिचे स्त्रीधन आहे. त्यावर घासाघीस करू नये. वडिलोपार्जित जमिनीतला मुलामुलींचा हक्क आईबापाच्या फारकतीने जात नाही, हे आजोबांनाही समजावून सांगावे.

पोटगीवर मात्र बैठक मोडते. शेतकऱ्याला पगार नाही, पण मुलाची वही दर महिन्याला लागते. माझ्या मते महिन्याला थोडी रक्कम आणि कापूस-कांदा विकल्यावर मोठा हप्ता, असे ठरवावे. कायद्याला ठरावीक मुदतीचे हप्ते चालतात. हप्त्यांची खात्री म्हणून कोर्ट जमिनीवर बोजाही ठेवू शकते.

सामोपचार म्हणजे बाईने हक्क सोडणे नव्हे. जिथे मारहाण आहे, तिथे बैठकीचा आग्रह नको. स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. सगळे गोडीत ठरले तरी सहीआधी तो मसुदा तिने अशा वकिलाकडून वाचून घ्यावा.

आणि स्टँपपेपरवरची फारकत? जमातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच ती टिकते. एरवी लग्न कायम राहते आणि दुसरे लग्न करणारा गुन्ह्यात सापडतो. स्वस्तातला हा कागद फार महागात पडतो.

कोर्टात जाताना लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, दोघांचे आधार कार्ड आणि मुलांचे जन्मदाखले न्यावेत. मोफत वकिलासाठी कोर्टात तालुका विधी सेवा समितीची चौकशी करावी.