तोंडाचा कर्करोग आणि एमआरआय

तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा चामोर्शीच्या शिक्षकांना नव्याने सांगायला नको. तोंडाच्या कर्करोगाचे ते एक मोठे कारण. अशा रुग्णाला डॉक्टर 'एमआरआय काढून या' म्हणतात, तेव्हा त्या यंत्रातून नेमके काय कळते ते आपण पाहू.

आपल्या शरीराचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते. पाण्यातील हायड्रोजनचे अणुकेंद्र, म्हणजे प्रोटॉन, हा एक चिमुकला चुंबक समजता येईल. एमआरआय यंत्राचे १.५ टेस्ला क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक तीव्र असते. त्यात हे प्रोटॉन भोवऱ्यासारखे, सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा डोलतात. तेवढ्याच वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या की ते ऊर्जा शोषतात. झोक्याला त्याच्या लयीत धक्के दिले की तो उंच जातो, तसेच हे. यालाच चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. लहरी थांबल्यावर प्रोटॉन पूर्वस्थितीला येऊ लागतात आणि त्यांचे संकेत यंत्र टिपते.

पूर्वस्थितीला येण्यास किती वेळ लागतो, हे ऊतींमधील पाणी किती आणि किती मोकळे आहे यावर अवलंबून असते. उंदरांच्या कर्कगाठींमध्ये हा काळ निरोगी ऊतींपेक्षा जास्त असतो, असे रेमंड डमेडियन यांनी १९७१ मध्ये दाखवले. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये अशा संकेतांपासून प्रतिमा तयार केली.

परंतु साध्या सुजेतही पाणी वाढतेच. त्यामुळे गाठ कर्करोगाची आहे की नाही, याचा निकाल तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच लागतो. एमआरआयचे काम त्यापुढचे. गाठ जिभेत किती मिलिमीटर खोल गेली, जबड्याच्या अस्थिमज्जेत शिरली का, हे तो दाखवतो. जीभ किंवा जबडा किती काढावा, किरणोपचार कोठे द्यावेत, हे ठरवण्यास त्याची मदत होते. उपचारानंतर गाठ पुन्हा उद्भवली का, हे पाहण्यासही तो उपयोगी पडतो.

म्हणजे रोग प्रथम ओळखला जायला हवा तो यंत्रापूर्वीच. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, तिखट खाताना होणारी आग, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जावे. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जात नसतील तरीही जावे. ही बोटांची चाचणी विद्यार्थी वर्गात शिकून घरी वडीलधाऱ्यांना करायला सांगू शकतात. गाठ लहान असताना सापडली, तर शस्त्रक्रियाही लहान होते आणि रोगी बरा होण्याची शक्यता पुष्कळच वाढते.