‘किती गुण लागतील?’ : प्रवेशाच्या आकड्यांचा अर्थ

बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की तात्यापाऱ्यातील मराठी घरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : प्रवेशासाठी किती गुण लागतील? शैक्षणिक कर्जाची चौकशी करण्यासाठी शाखेत येणारे पालकही व्याजदर विचारण्याआधी हेच विचारतात. “साहेब, पुण्याला किती लागतात? आणि इथे एनआयटीला?” प्रश्न सरळ असल्याने उत्तरही एका आकड्यात मिळावे, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा असते.

तसे उत्तर देता येत नाही. तात्यापारा चौकातून जी. ई. रोडने टाटीबंधच्या दिशेने निघाले, तर वाटेत एनआयटी लागते, तिच्या जवळच पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे आणि पुढे टाटीबंधला एम्स. एकाच रस्त्यावरच्या या तीन संस्था ‘गुण’ या शब्दाचा अर्थ तीन प्रकारे लावतात. रविशंकर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बी.ए., बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमांना प्रामुख्याने बारावीच्या टक्केवारीची यादी लागते. एनआयटीला जेईई मेनचा क्रमांक लागतो आणि एम्सला नीटचा. मात्र या दोन्ही ठिकाणी बारावीच्या गुणांची एक अट मागे उभी असते, आणि बरेच पालक नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात.

पात्रतेचा आकडा

प्रथम या अटीविषयी. जेईई मेनच्या क्रमांकावर एनआयटीत प्रवेश घेण्यासाठी बारावीत ७५ टक्के गुण हवेत, किंवा विद्यार्थी आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असावा. अनुसूचित जाती व जमातींसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे. महासाथीच्या काळात २०२० ते २०२२ या वर्षांत ती शिथिल केली होती व २०२३ पासून पुन्हा लागू झाली. वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के, तर राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण आवश्यक असतात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गास ४५ टक्के पुरतात.

हा उंबरठा आहे. तो ओलांडल्याने प्रवेश मिळत नाही, पण ओलांडला नाही तर उत्तम क्रमांक असूनही दार उघडत नाही. ‘बारावीचे गुण आता कोण विचारतो?’ असे म्हणून मंडळाच्या परीक्षेकडे पाठ फिरवणाऱ्या विद्यार्थ्याने ७४ टक्के आणि ७५ टक्के यांतील अंतर वेळीच ध्यानात घ्यावे. घरातील थोरांचे सल्ले प्रेमाचे असले, तरी ते बहुधा जुन्या नियमांवर आधारलेले असतात. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता. २०१७ पासून तो काढून टाकण्यात आला. त्या वर्षांत प्रवेश घेतलेल्या थोरल्या चुलतभावाचे गणित म्हणूनच आज लागू पडत नाही.

टक्के आणि पर्सेंटाईल

सर्वाधिक गोंधळ येथे होतो. टक्केवारी विद्यार्थ्याने किती गुण मिळवले ते सांगते. पर्सेंटाईल सांगते ते वेगळेच : परीक्षेस बसलेल्यांपैकी शंभरात किती जणांचे गुण त्याच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. जेईई मेन अनेक सत्रांत घेतली जाते व प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. अवघड पत्रिका वाट्याला आलेल्यावर अन्याय होऊ नये म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातील परीक्षार्थींशी केली जाते. दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत पर्सेंटाईल दिले जाते ते गुण सारखे होऊन अनेकजण एकाच जागी अडकू नयेत यासाठी.

हिशेब करून पाहिला की ‘९० पर्सेंटाईल’ या शब्दांचे वजन कळते. २०२५ साली जेईई मेनला सुमारे पावणेपंधरा लाख विद्यार्थी बसले होते. ९० पर्सेंटाईल म्हणजे त्यांतील दहा टक्के, म्हणजे जवळजवळ दीड लाख विद्यार्थी पुढे. ९९ पर्सेंटाईल मिळवणाऱ्याच्याही पुढे सुमारे पंधरा हजार असतात. पेढे वाटण्याजोगे यश ते आहेच, परंतु ‘९९ टक्के मिळाले, आता कुठेही प्रवेश’ हा समज त्यातून काढणे बरोबर नव्हे. जेईई ॲडव्हान्स्डला बसण्यासाठी खुल्या प्रवर्गास लागलेले पर्सेंटाईल २०२२ साली ८८.४१ होते, २०२३ मध्ये ९०.७८, २०२४ मध्ये ९३.२४ आणि २०२५ मध्ये ९३.१०. हा आकडा कोणी आधी ठरवून जाहीर करीत नाही. सर्व प्रवर्ग मिळून सुमारे अडीच लाख विद्यार्थी निवडायचे असतात, त्यावरून तो मागाहून निघतो.

केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सुरू झालेल्या सीयूईटीतही, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेतही, असेच समीकरण केलेले गुण वापरले जातात. बरोबर उत्तरास पाच गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास एक वजा होतो. बिलासपूरचे गुरू घासीदास विश्वविद्यालय २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ असल्याने तेथील पदवी प्रवेशही या परीक्षेतून होतात. प्रश्नपत्रिका मराठी माध्यमातूनही घेता येते, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

कट-ऑफ : शेवटचा भाव

वाणिज्य शाखेच्या माणसाला कट-ऑफ समजावून सांगणे सोपे जाते. वस्तूवर छापलेली किंमत आणि लिलावात शेवटी लागलेला भाव यांत जो फरक, तोच पात्रतेचे गुण आणि कट-ऑफ यांत आहे. जागा भरत गेल्या, शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचा क्रमांक म्हणजे त्या वर्षीचा कट-ऑफ. पुढच्या वर्षी बोली लावणारे वेगळे असतील, जागा कमीअधिक होतील आणि भावही बदलेल.

दिल्ली विद्यापीठाचा अनुभव येथे बोलका आहे. सीयूईटीपूर्वी तेथे बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश होत असत. २०११ साली श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने बी.कॉम.साठी वाणिज्येतर विद्यार्थ्यांकडून १०० टक्के मागितले, तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. २०२१ मध्ये तर अनेक महाविद्यालयांच्या पहिल्याच यादीत १०० टक्के दिसले. शंभराच्या वर मागता येत नाही. मोजपट्टीच अपुरी पडली होती.

नीटचे उदाहरण याहून उद्‌बोधक आहे. ७२० गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गाची पात्रता म्हणजे ५० पर्सेंटाईल. त्याला लागलेले गुण २०२२ साली ११७ होते, २०२३ मध्ये १३७, २०२४ मध्ये १६२ आणि २०२५ मध्ये १४४. ‘मुलगी नीट पास झाली’ असे आपण आनंदाने सांगतो तो हाच आकडा. २०२५ मध्ये असे ‘पास’ झालेले बारा लाखांहून अधिक होते, आणि देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्याच वर्षी प्रश्नपत्रिका इतकी कठीण होती की सर्वोच्च गुण ६८६ राहिले. आदल्या वर्षी अंतिम निकालात १७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी ७२० होते. याचा परिणाम असा की २०२४ मध्ये ६०० गुण मिळवणारा देशात ऐंशी हजारांच्या पुढेमागे होता, तर २०२५ मध्ये तेच ६०० गुण त्याला पहिल्या दीड हजारांत नेऊन ठेवत होते. म्हणून गतवर्षीचे गुण पाठ करू नयेत. पाहायचाच असेल तर शेवटच्या प्रवेशाचा क्रमांक पाहावा, तोही तीन-चार वर्षांचा आणि आपल्या प्रवर्गाचा. तो त्या मानाने स्थिर असतो.

रांग कोणती?

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. शेवटचा क्रमांक प्रत्येक संस्थेत एकच नसतो, कारण रांगा अनेक असतात. एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्यातील विद्यार्थ्यांसाठी आणि निम्म्या इतर राज्यांसाठी आहेत. रायपूरची एनआयटी, पूर्वीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, २००५ साली एनआयटी झाली तेव्हापासून छत्तीसगडच्या मुलांसाठी ही स्वतंत्र रांग मोठाच आधार आहे. तेथील बहुतेक शाखांत छत्तीसगडच्या रांगेतील शेवटचा क्रमांक बाहेरच्या रांगेपेक्षा बराच खाली जातो, म्हणजे तुलनेने कमी गुणांतही प्रवेश मिळतो.

परंतु या कामी गृहराज्य ठरते ते घराच्या पत्त्यावरून नव्हे, तर विद्यार्थी बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झाला त्यावरून. तीन पिढ्या तात्यापाऱ्यात राहिलेल्या कुटुंबातील मुलाने अकरावी-बारावी कोट्याच्या शाळेतून केली, तर या प्रक्रियेत तो राजस्थानचा ठरतो. घरापासून पंधरा मिनिटांवरील एनआयटीत त्याला बाहेरच्या रांगेत उभे राहावे लागते. शिकवणीचा खर्च पालक बारकाईने काढतात, पण या बदलाची किंमत क्वचितच त्यांच्या हिशेबात येते. एम्समध्ये मात्र अशी रांगच नाही. तेथील एमबीबीएसच्या जागा अखिल भारतीय क्रमवारीनेच भरतात, टाटीबंधच्या रहिवाशालाही वेगळा मान नाही. पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयासारख्या राज्य शासनाच्या महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय असतात, बाकीच्या राज्याच्या कोट्यातील जागांसाठी छत्तीसगडचा अधिवास महत्त्वाचा ठरतो.

आणि पुणे? नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना पुण्या-नागपूरची ओढ असणारच. आत्या तेथे, मामा तेथे, भाषा आपली. प्रवेशाच्या नियमांना मात्र मातृभाषा दिसत नाही. महाराष्ट्रात राज्याच्या वैद्यकीय कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली व अधिवास तेथला असावा लागतो. अभियांत्रिकीत दहावी-बारावी व अधिवास हा मुख्य प्रकार. त्याखेरीज आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास, अथवा केंद्र शासन वा त्याच्या उपक्रमाच्या नोकरीत बदलून महाराष्ट्रात रुजू झाले असल्यास स्वतंत्र प्रकार आहेत. मराठी मातृभाषा ही अट म्हणून येते ती फक्त कर्नाटकातील वादग्रस्त सीमाभागातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत. रायपूरच्या मराठी मुलाला तिचा उपयोग नाही. त्याच्यासाठी पुण्यात उरते ती अखिल भारतीय जागांची, मुख्यतः जेईई मेनच्या क्रमांकाची रांग, किंवा खासगी संस्थांच्या स्वतःच्या परीक्षा.

यातील सर्वांत अवघड अवस्था मधल्यांची होते. दहावी रायपुरात आणि बारावी नागपुरात मामाकडे राहून केलेला विद्यार्थी एनआयटीच्या दृष्टीने महाराष्ट्राचा होतो. म्हणजे रायपूरची गृहराज्याची रांग गेली, नागपूरच्या व्हीएनआयटीची मिळाली. पण पालक महाराष्ट्राचे अधिवासी नसतील आणि तेथे नोकरीलाही नसतील, तर महाराष्ट्राच्या स्वतःच्या प्रवेश प्रक्रियेत तो राज्याचा उमेदवार ठरत नाही. बदलीच्या नोकरीतील आमच्या सहकाऱ्यांनीही मुलांची अकरावी कोठे करायची हे ठरवताना याचा विचार करावा. हा निर्णय दहावीच्या निकालानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत घाईने होतो आणि त्याचे परिणाम दोन वर्षांनी दिसतात. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे कंटाळवाणे आहे खरे, पण कर्जाच्या करारपत्रापेक्षा ती अधिक कंटाळवाणी नाही!

आकडा आणि पैसा

क्रमांक थोडक्यात हुकला की घरात व्यवस्थापन कोट्याची चर्चा सुरू होते. येथे बँकेचा संबंध येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगन काळात तीन टक्के व्याज सवलतही आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश या योजनेत बसत नाही. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या कर्जाचा बोजा त्यामुळे निराळा असू शकतो. म्हणून शुल्काची पहिली रक्कम भरण्यापूर्वी प्रवेश कोणत्या कोट्यातून होत आहे, हे लेखी घ्यावे आणि ते कागद घेऊन शाखेत यावे.

दुसरी बाब शुल्क परतीची. पहिल्या फेरीत मिळालेली जागा हाती ठेवून पालक पुढच्या फेरीची वाट पाहतात, ते योग्यच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते. त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी रद्द केल्यास ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के व नंतर काहीच नाही. पूर्ण परतीतूनही प्रक्रिया खर्चाची लहानशी रक्कम वजा होऊ शकते. त्यानंतरच्या काही वर्षांत आयोगाने पूर्ण परताव्यासाठी वेगळ्या तारखाही जाहीर केल्या, तेव्हा चालू वर्षाचे परिपत्रक पाहावे. मूळ गुणपत्रिका व दाखला अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही, हेही त्याच अधिसूचनेत नमूद आहे. तांत्रिक संस्थांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तारखा निराळ्या असतात. पैसे भरताना पावतीवर भरणा केल्याचा दिनांक आणि प्रवेश रद्द करताना अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याचा दिनांक, हे दोन्ही जपून ठेवावेत.