तीन पायांचं मांजर

पाटसकरांनो, हायवेवर मांजर गाडीखाली सापडलं आणि डॉक्टर पाय काढायचा म्हणाले, तर हबकू नका. तीन पायांवर मांजरं झकास जगतात. मागचा पाय गेला तर आणखी सोपं, कारण शरीराचा जास्त भार पुढच्या पायांवर असतो. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर गळ्यात कॉलर, उड्या बंद आणि ट्रेमध्ये वाळूऐवजी फाडलेले पेपर. वाळू जखमेला चिकटते. दिवसभर खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. घरातली पॅरासिटामॉल? अजिबात नको, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

मागचा पाय नसलेलं मांजर त्या बाजूचा कान खाजवायला जातं, पण खुबा नुसताच हलतो. तेव्हा आपण खाजवून द्यायचं. वजन मात्र वाढू देऊ नका, उरलेल्या सांध्यांवर ताण येतो.