सावली, पाणी आणि मजुरी

उन्हाळा आला की सूचना निघते : दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका. सूचना योग्यच आहे. ती मी एकदा नाक्यावरच्या बिगाऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "भाऊ, मग त्या तीन तासांची मजुरी कोण देणार?" आजचा विषय या एका प्रश्नात सामावलेला आहे.

प्रथम ऊन माणसाला मारते कसे, ते पाहू. काम करताना स्नायू उष्णता निर्माण करतात. ती बाहेर टाकायला शरीराजवळ मुख्य साधन एकच : घाम. घाम वाळला की अंग निवते. हवा दमट असली की तो वाळत नाही. म्हणूनच मुंबईत पारा नागपूरपेक्षा खाली असूनही जीव कासावीस होतो. अंगातले पाणी सरले, तरी हे साधन थकते. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तत्काळ इस्पितळात हलवावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

ऊन सर्वांना सारखे, असे आपण म्हणतो. पण पत्र्याच्या खोलीत रात्रीही अंग निवत नाही. दुसऱ्या दिवशीचा कामगार आदल्या दिवसाचा ताप घेऊनच कामावर येतो.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवले. २०१३ साली तेथील महापालिकेने उष्णतेविरुद्ध कृती-योजना आखली : आगाऊ इशारे, पाण्याची सोय, डॉक्टर-परिचारिकांना शिक्षण. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही हाती घेतले गेले. पांढरे छप्पर ऊन परतवते. खोली काही अंशांनी निवते. या योजनेमुळे वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे हे मरण दैवाधीन नव्हते.

तरीही बिगाऱ्याचा प्रश्न उरतोच. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देणे बंधनकारक केले होते. नाका मात्र कारखान्यात मोडत नव्हता. अहमदाबादेतच १९७२ साली स्थापन झालेल्या 'सेवा' या स्त्री-कामगारांच्या संघटनेने २०२३ साली उष्णतेचा विमा सुरू केला. पारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की नुकसानीचा पुरावा न मागता पैसे मिळावेत, ही त्यामागील कल्पना. रक्कम लहान असते. तत्त्व मोठे आहे. उन्हामुळे बुडालेली मजुरी हेही नुकसानच, हे त्यात मान्य झाले.

आपल्या गावात काय करता येईल? काम पहाटे सुरू करावे. दुपारची सुट्टी भरपगारी असावी. कामाच्या जागी सावली आणि पाणी असावे. नव्या मजुराला पहिला आठवडा हलके काम द्यावे, कारण शरीर उन्हाला सरावायला एक-दोन आठवडे घेते. तुमच्यापैकी कोणी घर बांधत असेल, तर ठेकेदाराशी बोलणी करताना या अटी आधी घालाव्यात. त्या तीन तासांची मजुरी ज्याचे काम, त्यानेच द्यायची. बिगाऱ्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी दुसरे उत्तर नाही.