जतनाच्या निधीची वाटणी : निवडीचा विवेक

जुन्या वास्तू, घाट, ग्रंथसंग्रह व कागदपत्रे यांचे जतन व्हावे, याविषयी सुशिक्षित समाजात सहसा दुमत नसते. मतभेद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. जतन करावयाच्या गोष्टी दहा असतात, पैसा दोहोंपुरता असतो, आणि पाचसात माणसांच्या समितीला दोघांना होकार व आठांना नकार द्यावयाचा असतो. हा नकार कोणत्या आधारावर द्यावा? व्याख्याने होतात ती जतनाच्या महतीवर. निवडीच्या रीतीवर क्वचितच कोणी बोलतो. वस्तुतः समितीची खरी कसोटी तिच्या होकारापेक्षा नकारातच लागते. शिक्षकांना व साहित्यसंस्थांच्या सभासदांना अशा समित्यांवर बसण्याचा प्रसंग वारंवार येतो. तेव्हा या रीतीचे थोडे विवेचन येथे करीत आहे.

हा प्रश्न इंदूरकरांना परका नाही. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारकिर्दीत काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरे, घाट, धर्मशाळा व विहिरी बांधल्या किंवा सावरल्या. काशीच्या विश्वेश्वराचे मंदिर १७८० सालचे. होळकर घराण्यात राजस्त्रियांचे ‘खासगी’ उत्पन्न दौलतीच्या उत्पन्नापासून निराळे ठेवण्याची रीत होती आणि या धर्मकृत्यांना त्या खासगीचा आधार होता. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. पुढे या देवस्थानांच्या व घाटांच्या व्यवस्थेसाठी १९६२ साली खासगी विश्वस्त संस्था स्थापन झाली, आणि खासगीच्या उत्पन्नाच्या बदल्यात शासनाने वर्षाला २,९१,९५२ रुपये द्यावेत असे ठरले. या संस्थेकडील मिळकतींची संख्या २४६ आहे आणि त्या निरनिराळ्या प्रांतांत विखुरलेल्या आहेत.

वाचकांनी केवळ एवढ्या रकमेचा साधा भागाकार करून पाहावा. एका मिळकतीच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे १,१८७ रुपये येतात. या पैशात आज घाटाची एक पायरीही नीट बसवून मिळणार नाही. ठराविक आकड्यात बांधलेला कोणताही निधी काळाबरोबर झिजतो. दगड मात्र त्याच मानाने स्वस्त होत नाही. म्हणजे दानाचा हेतू कितीही विशाल असला, तरी पुढच्या पिढ्यांच्या कारभाऱ्यांपुढे ‘कोणाला आधी?’ हा प्रश्न उभा राहतोच.

या संस्थेच्या काही मिळकतींच्या विक्रीचा वाद न्यायालयात गेला, आणि २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. ही सार्वजनिक विश्वस्त संस्था असून तिला मध्यप्रदेशाचा १९५१ चा सार्वजनिक न्यास अधिनियम लागू आहे आणि निबंधकाच्या पूर्वसंमतीवाचून मिळकत विकता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. झालेल्या व्यवहारांची चौकशी करण्याचे कामही निबंधकाकडे सोपविले. व्यवहारांच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आपल्या विषयापुरता त्यातून निघणारा बोध मात्र स्पष्ट आहे. वाटणी करणारी समिती ही मालक नव्हे. ती विश्वस्त आहे. एका वास्तूचे दगड काढून दुसरीची भिंत उभी करण्याचा अधिकार तिला आपोआप प्राप्त होत नाही.

आता परदेशातील एक उदाहरण पाहू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००० साली सामुदायिक जतनाविषयी एक कायदा केला. ज्या गावाला तो स्वीकारावयाचा असेल त्याने मतदान करून तो स्वीकारावा आणि घरपट्टीवर जास्तीत जास्त शेकडा ३ इतका अधिभार बसवावा. राज्याच्या निधीतूनही त्यात भर पडते. प्रत्येक गावी पाच ते नऊ सभासदांची समिती असते. ऐतिहासिक वास्तू, निसर्गसंरक्षण, नगररचना, उद्याने व गृहनिर्माण या मंडळांचे प्रतिनिधी तीत असावेच लागतात. वर्षाच्या उत्पन्नातील निदान शेकडा १० भाग मोकळ्या जमिनी, तितकाच ऐतिहासिक वास्तू आणि तितकाच परवडणारी घरे यांसाठी खर्च करावा किंवा राखून ठेवावा लागतो. समिती केवळ शिफारस करते; मंजुरी ग्रामसभा अथवा नगरसभा देते. सभेला रक्कम कमी करता येते किंवा शिफारस फेटाळता येते, परंतु समितीने सुचविलेल्या रकमेत वाढ करता येत नाही. ज्यांनी सुचवावे त्यांनी मंजूर करू नये आणि ज्यांनी मंजूर करावे त्यांनी मनास येईल तसे वाढवू नये, ही त्यातील मर्यादा मननीय आहे.

त्याच कायद्यातील एक तरतूद मात्र आपण जशीच्या तशी उचलू नये. तेथे हा निधी नित्याच्या देखभालीवर खर्च करता येत नाही. दुरुस्ती व पुनरुज्जीवन यांवरच करता येतो. आपल्याकडे बहुतेक वास्तू ढासळतात त्या नित्याच्या देखभालीअभावीच. गच्चीवर उगवलेला पिंपळ वेळीच उपटला तर एका मजुराची दिवसाची मजुरी लागते. दहा वर्षांनी त्याच पिंपळाने फोडलेली भिंत लाखांनी सांधावी लागते. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचाही मुख्य आग्रह हाच होता की, जीर्णोद्धाराच्या नावाने वास्तू नवी करण्यापेक्षा नित्य निगा राखून तिचा क्षय थांबवावा.

निवडीचे निकष माझ्या मते पाच असावेत.

पहिला निकष महत्त्वाचा. वस्तू इतिहासाच्या, कलेच्या किंवा लोकजीवनाच्या दृष्टीने किती मोलाची आहे? मुंबईत १९९५ च्या नियमांनी वारसावास्तूंच्या श्रेणी ठरविल्या आणि समितीला एक मोजपट्टी मिळाली. परंतु श्रेणी मोल सांगते, निकड सांगत नाही. म्हणून दुसरा निकष धोक्याचा : यंदा हात लावला नाही तर काय नष्ट होईल? पहिल्या श्रेणीची भक्कम वास्तू पाच वर्षे थांबू शकते. तिसऱ्या श्रेणीचे गळके छप्पर एक पावसाळाही थांबत नाही.

तिसरा निकष मालकीचा व परवानगीचा. वास्तू कोणाची, राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे काय, भाडेकरू आहेत काय, वारसांत वाद आहे काय, हे कागदोपत्री स्पष्ट झाल्याशिवाय पैसा देणे म्हणजे सार्वजनिक निधीने खासगी मिळकतीची किंमत वाढविणे होय. चौथा निकष कामाच्या रीतीचा. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा चढविला तर ओल आत कोंडते आणि भिंत आतून सडते. सर्वांत कमी दराची निविदा पुष्कळदा अशाच गिलाव्याची असते. म्हणून अंदाजपत्रक चुन्याचे काम जाणणाऱ्याने तपासलेले असावे. पाचवा निकष पुढच्या काळाचा : काम झाल्यावर कुलूप कोण उघडणार, झाडणार कोण, विजेचे बिल कोण भरणार? याचे उत्तर ज्या अर्जात नाही, तो अर्ज अर्धाच समजावा.

हे निकष प्रत्यक्षात कसे लागतात, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, समितीपाशी दहा लाख रुपये आहेत आणि तीन अर्ज आले आहेत. पहिला एका छत्रीच्या दुरुस्तीचा व रोषणाईचा, आठ लाखांचा. दुसरा नदीकाठच्या घाटाच्या पायऱ्यांचा, सहा लाखांचा. परंतु जागेच्या मालकाचे संमतिपत्र त्यास जोडलेले नाही. तिसरा एका वाचनालयाचा, तीन लाखांचा; शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकांना वाळवी लागली आहे. घाईने मत घेतले तर छत्रीलाच आठ लाख जातील, कारण छत्री रस्त्यावरून दिसते आणि उद्घाटनाला शोभते. निकष लावून पाहिले म्हणजे चित्र बदलते. वाळवी पुढच्या बैठकीची वाट पाहणार नाही; वाचनालयाला तीन लाख पूर्ण द्यावेत. छत्रीची गळती थांबविण्यास चार लाख लागत असतील तर तेवढेच द्यावेत. रोषणाईवाचून छत्री पडत नाही. घाटाला आज सहा लाख देता येत नाहीत, पण नकाशे, मोजमाप व संमती मिळविण्यास एक लाख द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी तो अर्ज पुरा होऊन येईल. उरलेले दोन लाख आकस्मिक संकटासाठी राखावेत. या वाटणीत कोणीही पूर्ण निराश होत नाही. पण तिचा हेतू सर्वांना खूश करणे हा नाही. प्रत्येक रुपयामागे सांगता येईल असे कारण आहे, हे तिचे खरे बळ होय.

आकस्मिक संकटाची आठवण इंदूरला निराळी करून देण्याची गरज नाही. राजवाडा सात मजल्यांचा. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीतील आगीत त्याचा फार मोठा भाग जळाला, आणि पुढे मागील भाग पारंपरिक साहित्य वापरून पुन्हा उभारावा लागला. पुनर्रचना स्तुत्य खरी. पण जळालेले लाकूड अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचे होते, नवे लाकूड आपल्या काळचे आहे. जुनी वीजजोडणी बदलणे, पाण्याची टाकी बसविणे, रात्रीचा पहारेकरी नेमणे ही कामे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. परंतु समितीने अशा अर्जांना अग्रहक्क द्यावा.

आता कार्यपद्धतीविषयी. समितीने निकष अर्ज मागविण्यापूर्वी प्रसिद्ध करावेत. अर्ज पाहून ठरविलेले निकष हे निकष नसून सबबी असतात. प्रत्येक ठिकाणी निदान दोन सभासदांनी स्वतः जाऊन पाहावे, आणि शक्य तर पावसाळ्यात पाहावे. इंदूरसारख्या गावी मराठी मंडळींचे नातेसंबंध व संस्थासंबंध इतके गुंतलेले असतात की, अर्जदारांपैकी कोणीतरी कोणाचा मेहुणा किंवा विद्यार्थी निघतोच. ज्याचा संबंध असेल त्याने तो आधी सांगावा आणि त्या विषयापुरते बैठकीबाहेर जावे. केवळ मौन पुरेसे नाही. गप्प बसलेल्या वडीलधाऱ्यांची नजरही मत देत असते. पैसा हप्त्याने, झालेले काम पाहून द्यावा, आणि हिशेब सर्वांना पाहता येईल असा ठेवावा.

नकार लेखी व सकारण असावा. वहीवर नुसती फुली मारून ती परत करणारा शिक्षक आणि चूक कोठे झाली हे समासात लिहिणारा शिक्षक, यांत जे अंतर आहे तेच येथेही आहे. सकारण नकार मिळालेला अर्जदार पुढच्या वर्षी चांगला अर्ज घेऊन येतो. कारण न कळलेला अर्जदार मात्र वशिल्याच्या शोधात निघतो, आणि मग समितीचा निधी शिल्लक राहूनही तिची पत संपते.

शेवटी, साहित्यसंस्थेच्या सभासदांपुढे एक गोष्ट विशेष आग्रहाने मांडावीशी वाटते. वास्तूला रस्त्यावरून जाणारे साक्षीदार तरी असतात. कागदाला कोणी नसतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तो घरोघरच्या दप्तरांतून मिळालेल्या पत्रांच्या बळावर. ती पत्रे त्याआधी कोणाही समितीच्या यादीत नव्हती. इंदुरात १९१७, १९३५ व २००१ या वर्षी मराठी साहित्य संमेलने भरली. अशा प्रसंगांची निमंत्रणे, हिशेब, भाषणांचे कच्चे मसुदे, कार्यकर्त्यांची पत्रे ही घरातील माळ्यावरच राहतात, आणि वाडा विकला गेला की रद्दीच्या भावाने जातात. जुने कागद मोडीत असले तर ते वाचू शकणारे माणूसही आज दुर्मीळ आहे. ते माणूस आहे तोवर वाचून घेणे, हेही जतनच होय. माळव्यातील मराठी माणसाने येथे काय लिहिले, कशासाठी भांडला, कोणत्या पैशाने सभागृहे उभारली, याचा पुरावा छत्र्यांच्या शिल्पात सापडणार नाही. तो या कागदांतच आहे.

हे कागद स्वतः अर्ज करीत नाहीत. ज्या वस्तूंना अर्जदार नाही, त्यांच्यासाठी समितीनेच अर्जदार व्हावे. वर्षातून एक बैठक आलेल्या अर्जांवर घ्यावी, तर दुसरी न आलेल्या अर्जांवर घ्यावी. निवड करणे म्हणजे काही गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत जाऊ देणे, हे कटू असले तरी अटळ आहे. परंतु जे गेले ते विचार करून गेले की विसरून गेले, याचा जाब पुढची पिढी आपल्याला विचारल्याशिवाय राहणार नाही. आणि त्या वेळी समितीची इतिवृत्तांची वही हेच आपले उत्तर असेल. ती वही कोरी राहू नये, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.