कार्ली फिओरिना : संचालक मंडळापासून मतदारांपर्यंत

हेवलेट-पॅकार्ड, म्हणजे आपल्याकडे प्रिंटरमुळे घरोघरी माहीत झालेली एचपी. या कंपनीचे प्रमुखपद सांभाळलेल्या कार्ली फिओरिना यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय राजकारणात दोनदा नशीब अजमावले. २०१० मध्ये त्यांनी सिनेटची निवडणूक लढवली आणि २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली. दोन्ही वेळा त्यांचे भांडवल एचपी हेच होते आणि विरोधकांच्या हातातले कोलीतही एचपीच.

फिओरिना यांचा जन्म ६ सप्टेंबर १९५४ रोजी टेक्सासमधील ऑस्टिन येथे झाला. वडील कायद्याचे प्राध्यापक, पुढे संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश, आई चित्रकार. स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९७६ मध्ये त्यांनी मध्ययुगीन इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली. वडिलांच्या वाटेने कायद्याला नाव घातले, पण पहिल्या सत्रातच तो अभ्यास सोडून दिला. मग मालमत्तांची दलाली करणाऱ्या एका फर्ममध्ये टायपिंग करणे, फोन घेणे अशी कामे केली. ‘सेक्रेटरी ते सीईओ’ हा पुढच्या प्रचारातला लाडका धागा इथलाच. न्यायाधीशाच्या स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या मुलीची ही वाटचाल शून्यातून झाली असे मात्र म्हणता येत नाही.

खरी चढण सुरू झाली ती १९८० मध्ये एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत. या कंपनीतून ल्युसेंट ही नवी कंपनी वेगळी काढण्याच्या कामात त्या आघाडीवर होत्या. १९९६ मध्ये ल्युसेंटच्या पहिल्या जाहीर समभाग विक्रीतून ३ अब्ज डॉलर उभे राहिले. अमेरिकेतली तोवरची ती सर्वांत मोठी विक्री होती. १९९८ मध्ये ‘फॉर्च्यून’ने व्यवसायातील सर्वांत प्रभावशाली स्त्रियांची पहिली यादी छापली, तेव्हा तिच्या अग्रस्थानी फिओरिना होत्या. जुलै १९९९ मध्ये एचपीने त्यांना सर्वोच्च पदावर बोलावले. डाऊ जोन्स निर्देशांकातल्या ३० कंपन्यांपैकी एकीची सूत्रे प्रथमच स्त्रीच्या हाती आली.

सप्टेंबर २००१ मध्ये त्यांनी कॉम्पॅक ही प्रतिस्पर्धी कंपनी सुमारे २५ अब्ज डॉलरला घेण्याचा बेत जाहीर केला. त्याला विरोध केला तो घरातूनच : संस्थापक बिल हेवलेट यांचे पुत्र आणि कंपनीचे संचालक वॉल्टर हेवलेट यांनी. दोन्ही बाजूंनी भागधारकांना पत्रे आणि जाहिराती यांचा मारा केला. एखाद्या निवडणुकीसारखीच ही लढत कित्येक महिने चालली. १९ मार्च २००२ रोजी क्युपर्टिनोच्या सभागृहात मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने अवघी ५१.४ टक्के मते पडली. आयुष्यात फिओरिना यांनी जिंकलेली सर्वांत मोठी निवडणूक हीच, आणि तीत मत माणसागणिक नव्हे, शेअरगणिक होते.

त्यांच्या कारकिर्दीत सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला. भारतासारख्या देशांकडे कामे वळवण्यावर टीका होत होती, तेव्हा २००४ च्या सुरुवातीला त्यांनी ठणकावले की कोणतीही नोकरी हा आता अमेरिकेचा जन्मसिद्ध हक्क उरलेला नाही. उद्योगजगतात हे वाक्य व्यवहारी ठरले असेल. मतदारांपुढे ते महागात पडणार होते. समभागाची किंमत निम्म्याहून खाली आली होती. अखेर फेब्रुवारी २००५ मध्ये संचालक मंडळाने त्यांनाच दूर केले. जाताना त्यांना सुमारे २ कोटी १० लाख डॉलर मिळाले.

राजकारणात त्या आल्या २००८ मध्ये, रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅककेन यांच्या प्रचारात सल्लागार म्हणून. मॅककेन यांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन एखादी मोठी कंपनी चालवू शकतील का, या प्रश्नावर त्यांनी सरळ ‘नाही’ म्हटले आणि मॅककेन यांनाही ते जमणार नाही अशी पुस्ती जोडली. त्यानंतर प्रचारयंत्रणेने त्यांना कॅमेऱ्यापासून दूरच ठेवले.

२०१० मध्ये त्या कॅलिफोर्नियातून सिनेटला उभ्या राहिल्या. सिनेट वरिष्ठ सभागृह असले, तरी आपल्या राज्यसभेसारखे तिथे आमदारांच्या मतांवर जाता येत नाही. थेट लोकांकडून निवडून यावे लागते. आदल्याच वर्षी त्यांना स्तनांच्या कर्करोगाशी झुंजावे लागले होते. प्रतिस्पर्धी उमेदवार बार्बरा बॉक्सर यांच्या प्रचाराने एचपीतली नोकरकपात घरोघरी पोहोचवली आणि फिओरिना सुमारे दहा टक्क्यांनी हरल्या.

राष्ट्राध्यक्षपदासाठीची घोषणा ४ मे २०१५ ला झाली. त्याच सुमारास लक्षात आले की त्यांच्या नावाचा ‘डॉट ऑर्ग’ पत्ता कुणीतरी आधीच घेऊन ठेवला आहे. तो उघडला की रडक्या चेहऱ्यांच्या खुणांची न संपणारी रांग दिसे, कामावरून काढलेल्या प्रत्येकामागे एक. तंत्रज्ञान कंपनीच्या माजी प्रमुखाची याहून बोचरी फजिती क्वचितच झाली असेल.

पण वादसभांत त्या तयारीने उतरल्या. ऑगस्टमध्ये त्यांना दुय्यम फळीत बसवले होते. तिथे त्यांनी बाजी मारली. डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांच्या चेहऱ्यावरून केलेली शेरेबाजी दरम्यान छापून आली होती. १६ सप्टेंबरला मुख्य मंचावर त्याविषयी विचारताच फिओरिना यांनी एवढेच म्हटले की ट्रम्प काय बोलले ते देशभरातल्या स्त्रियांनी अगदी स्पष्ट ऐकले आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला, जनमत चाचण्यांत त्या थेट वर आल्या. मग एचपीचा जमाखर्च पुन्हा निघाला आणि आकडे उतरू लागले. न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत जेमतेम ४ टक्के मते मिळाल्यावर, १० फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांनी माघार घेतली.

२७ एप्रिलला, अजून शर्यतीत असलेल्या टेड क्रूझ यांनी त्यांना आपल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार म्हणून जाहीर केले. ३ मे रोजी इंडियानात हरल्यावर क्रूझ स्वतःच शर्यतीतून बाहेर पडले. निवडून येऊन मिळणारे एकही पद फिओरिना यांच्या वाट्याला आले नाही.